वीस नंबर कायमचे

आयुष्यात दिनानाथांनी एकच गोष्ट आपोआप चालू राहू दिली, आणि तिलाही नियम लावले. तिथेच घोळ झाला.

एरवी 'आपोआप' या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. स्टोअरमधून आपोआप बाहेर जाते ती फक्त चोरी, असं त्यांचं मत. बोल्ट हवा तर चिठ्ठी आणा, चिठ्ठीवर सही आणा, आणि सही करणारा रजेवर असेल तर बोल्टही रजेवर आहे असं समजा. निवृत्त होऊन घरी बसले तेव्हा पहिल्याच सकाळी आनंदीबाईंनी विचारलं होतं, "चहा असाच देऊ, की चिठ्ठी आणता?" दिनानाथांना त्यात विनोद दिसला नाही. त्यांनी साखरेच्या डब्यावर तारीख टाकली.

त्यांचं घर तारापूरच्या अलीकडे, प्रकल्पासाठी उठवलेल्या गावाच्या वसाहतीत. गल्ली नंबर दोन, घरं वीस, सगळी एका साच्यातली. जुन्या गावात माणूस 'चिंचेखालचा' नाहीतर 'विहिरीजवळचा' होता, इथे आल्यावर तो 'नऊ नंबर' झाला. मोबाइलची रेंज घरात येत नसे. ती होती फक्त पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, त्यामुळे वसाहतीतली सगळी खाजगी भांडणं चारचौघांच्या देखत होत.

दिनानाथांच्या भिंतीला भिंत लावून आठ नंबरात रत्नाकाकी राहायच्या. मांडीचं हाड मोडून त्या दोन वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि दिवाळीनंतर त्यांनी अन्नावरची वासनाच सोडली. पालघरचा डॉक्टर येऊन बघून गेला आणि म्हणाला, "घरीच ठेवा, मागतील ते द्या." काकी मागत काहीच नव्हत्या. एकच म्हणत, "मनीषचा तोंड दाखवा."

मनीष हा त्यांचा एकुलता एक. मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होता आणि करार संपायला तीन महिने बाकी होते. भर समुद्रात बोट थांबवून कोणी उतरवून देत नाही. बोटीवर नेटची पाळी असे. मनीषची पाळी रविवारी, आपल्याकडचे दुपारी चार ते पावणेपाच. म्हणजे प्रश्न एवढाच होता, की रविवारी चारला काकींच्या खाटेपर्यंत नेट पोचायला हवं. दिनानाथ आनंदीबाईंना म्हणाले, "हे काम मी घेतलं." ते ऐकून आनंदीबाईंनी देवाला हात जोडले. काळजीने की भीतीने, ते त्यांनी सांगितलं नाही.

बोईसरहून भावेश नावाचा नेटवाला आला, खांबावरून वायर ओढून दिनानाथांच्या ओटीवर सोडून मोकळा झाला. वायफायचा डबा दिनानाथांनी स्वतः आणला होता, कारखान्याच्या जुन्या ऑफिसातून, भंगारात जाताना रीतसर चिठ्ठी करून. पांढरा, चपटा, ताटलीएवढा. तो ओटीच्या छताला लागला, आणि संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली खाली जमून वर बघायला लागली. एकट्या रत्नाकाकींसाठी नेट आणि आपण काय उपाशी राहायचं, हा प्रश्न कोणी तोंडाने विचारला नाही. पण वसाहतीचे अध्यक्ष पंढरीशेठ ज्या प्रकारे खाकरले, त्यावरून दिनानाथ समजले आणि म्हणाले, "सगळ्यांना मिळेल. शिस्तीत मिळेल."

भावेशने समजावलं. "काका, एकदम सिम्पल हाय. हरेक फोनला एक नंबर लागतो. नंबर हाय तर नेट, नंबर नाय तर नेट नाय. हा नंबर तुमी हाताने घाला, नायतर डब्याला सांगा, तो आपोआप देईल."

"हाताने," दिनानाथ म्हणाले, आणि रजिस्टर आणलं.

पहिल्या घराला एकशे एक, दुसऱ्याला एकशे दोन, अशी ती योजना होती. आठ नंबराला म्हणजे रत्नाकाकींना एकशे आठ आला, तेव्हा निम्मी गल्ली म्हणाली हा रुग्णवाहिकेचा नंबर, आजारी माणसाला देऊ नका. उरलेली म्हणाली हा जपमाळेचा आकडा, आम्हाला द्या. त्यात तास गेला. मग प्रत्येकाच्या फोनमध्ये तो लांबलचक आकडा ठिपक्यांसकट हाताने भरायचा, आणि चष्मे प्रत्येकाचे निराळे. चौदा नंबरच्या प्रदीप शिंप्याने एकशे चौदाऐवजी एकशे चार भरला, आणि एकच नंबर दोघांकडे झाल्यावर दोघांचंही नेट गेलं. चार नंबरवाल्यांना वाटलं, प्रदीपने आपलं नेट चोरलं. ब्लाऊजच्या मापावरून तीन वर्षं तुंबलेलं त्यांचं भांडण त्या दिवशी मोकळं झालं. चौथ्या दिवशी दिनानाथांनी रजिस्टर मिटलं आणि भावेशला पुन्हा बोलावलं.

डब्याचं पान दिनानाथांच्या फोनवर उघडलं. आपोआप वाटप चालू की बंद? चालू. पहिला नंबर कुठला, शेवटचा कुठला? एकशे एक ते एकशे वीस, वीस घरांना वीस. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग खाली एक रकाना आला, नंबरची मुदत. तिथे आधीच लिहिलेलं होतं, दोन तास.

"दोन तास म्हणजे?"

"म्हणजे कोणी दोन तास आला नाय तर त्याचा नंबर सुटतो, दुसऱ्याला जातो. टोकनसारखा. तसाच ठेवा काका, सगळे तसाच ठेवतात."

दिनानाथांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते उठून आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि ते प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद घेऊन बाहेर आले. वीसही घरांत तसाच कागद होता. त्यावर घराचा नंबर आणि पुढे दोन शब्द: तात्पुरता ताबा. अठरा वर्षं त्या दोन शब्दांपायी त्यांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. साहेब बदलले, फायलीचा रंग बदलला, शब्द तेच राहिले.

"ह्या गल्लीत," दिनानाथ म्हणाले, "आता कोणाला काही तात्पुरतं मिळणार नाही. डब्याकडूनसुद्धा नाही."

गल्लीने टाळ्या वाजवल्या. कोणाच्या तरी डोळ्यांत पाणीही आलं. भावेश "काका, ऐका तर खरं" म्हणत होता, पण तो पडला बोईसरचा, त्याच्या बापाला कोणी उठवलं नव्हतं. दिनानाथांनी मुदतीच्या यादीत बोट सरकवत सरकवत शेवटचा पर्याय गाठला: कायम. पंढरीशेठनी नारळ फोडला. खोबरं नासकं निघालं, पण तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

तिथेच थांबले असते तरी निभावलं असतं. पण पंढरीशेठ अध्यक्ष होते आणि अध्यक्षाला शंका यावी लागते. "दिनाभाऊ, तुमच्यावर भरवसा हाय. पण पान तुमच्या फोनात, पासवर्ड तुमच्या डोक्यात. उद्या रागाच्या भरात तुमी कोणाचा नंबर उडवला तर?"

एकतीस वर्षं ज्याने एक वॉशर इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याला हे ऐकावं लागलं. दोन दिवस दिनानाथांनी साखरेच्या डब्यावरची तारीखसुद्धा बदलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बैठक बोलावून ठराव मांडला. पतपेढीच्या तिजोरीला कशा दोन किल्ल्या असतात, एक अध्यक्षाकडे, एक चिटणिसाकडे, तसा डब्याचा पासवर्ड सोळा अक्षरांचा करावा. पहिली आठ दिनानाथांची, पुढची आठ पंढरीशेठची. एकाने टाइप करताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करावं. आणि सभेच्या ठरावाशिवाय कोणाचाही नंबर रद्द होऊ नये. ठराव एकमताने पास झाला. त्या दिवशी दिनानाथांच्या चेहऱ्यावर तेज होतं.

आणि खरं सांगायचं तर पाच रविवार सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. बरोबर चारला काकींच्या उशाशी टॅब वाजायचा आणि मनीष दिसायचा, मागे बोटीच्या पाइपांची गर्दी. काकी बोलत नसत. बोट पुढे करून त्याच्या गालावरून फिरवत, आणि फिरवता फिरवता बोट लाल बटणावर पडून फोन बंद होई. मनीष पुन्हा लावी. पुढे पुढे आनंदीबाई त्यांचा हात आपल्या हातात धरून बसू लागल्या. फोन झाला की काकी चार चमचे पेज घेत. एरवी दोन उतरले तरी पुष्कळ. दिनानाथ ओटीवर बसून भिंतीपलीकडून ते ऐकत आणि छताकडे बघत. आपण आयुष्यात एखादं काम पुरतं केलं असं त्यांना तेव्हा वाटे.

डबा मात्र घरं ओळखत नव्हता. जो मागेल त्याला तो नंबर देत होता, कायमचा. सात नंबरच्या जागृतीच्या टीव्हीने एक घेतला. पंढरीशेठच्या घरात चार गेले, त्यातला एक अंगणात वाळत घातलेल्या चिकूंवर पहारा करणाऱ्या कॅमेऱ्याला. अकरा नंबरात हळद झाली, त्या हळदीला सातपाटीचे चार पाहुणे आले. जेवले, नाचले, गेले, आणि नंबर घेऊन गेले. वीस कधी भरले ते कोणालाच कळलं नाही, कारण ज्यांच्याकडे नंबर होता त्यांचं नेट मस्त चालत होतं.

सहाव्या रविवारच्या आधी, शुक्रवारी, काकींचा टॅब चार्ज होईना. दिनानाथ स्वतः बोईसरला गेले आणि दुरुस्त करून शनिवारी घेऊन आले. दुकानदाराने सांगितलं, "अंदरका सब साफ करके एकदम नया कर दिया." दिनानाथांना बरं वाटलं. टॅब इतका नवा झाला होता की डब्याने त्याला ओळखलंच नाही. त्याच्या लेखी हा कोणीतरी नवा पाहुणा. काकींचा जुना नंबर जुन्या टॅबच्या नावावर कायम, आणि नव्याला द्यायला एकही शिल्लक नाही.

रविवारी सकाळपासून काकींचा श्वास बदलला होता. आनंदीबाईंनी आपल्या आईचा आणि सासूचा श्वास असाच बदललेला पाहिला होता. सकाळी दोन चमचे पेज कशीबशी घशाखाली उतरली. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आज जरा आधीच लावून ठेवा."

पावणेचारला दिनानाथांनी टॅब चालू केला. पडद्यावर 'नंबर मिळवत आहे' असं येऊन एक चक्र फिरायला लागलं, ते फिरतच राहिलं. त्यांनी स्वतःच्या फोनवर डब्याचं पान उघडलं. वीसपैकी वीस, एवढं बाहेरूनही दिसत होतं. आत जायला पासवर्ड हवा. पहिली आठ अक्षरं त्यांनी घातली. पुढची आठ पंढरीशेठकडे, आणि पंढरीशेठ वाणगावला भाचीच्या साखरपुड्यात. घराबाहेर त्यांच्या फोनात नेट नसे, साधा फोन लावायचा तर टाकीच गाठायला हवी.

जागृती टाकीकडे धावली. कट्ट्यावर चढून तिने फोन लावला, आणि पाच मिनिटांनी धापा टाकत परत आली. "दिनाकाका, ते विचारतात, ठराव झाला काय? आणि कोणाचा नंबर उडवणार ते आधी सांगा."

तोवर ओटीखाली गल्ली जमली होती. चार वाजून सहा मिनिटं झाली होती.

"कोणाचा तरी एक सोडा," दिनानाथ म्हणाले. "काकींसाठी."

काकींसाठी सगळेच जीव द्यायला तयार होते. नंबर सोडायला मात्र प्रत्येकाची अडचण होती. प्रदीप म्हणाला, "माझा एकच हाय." चार नंबरवाले म्हणाले, एकदा सोडला की परत कोण देतो, सरकारने दिला काय? जागृती म्हणाली, "आमच्या टीव्हीचा घ्या, मी बंदच करते." पण बंद करून काय होणार? टीव्ही विहिरीत टाकला असता तरी नंबर त्याच्याच नावावर राहिला असता. मुदत कायम होती. आपण काय करून बसलो ते दिनानाथांना तेव्हा पहिल्यांदा पुरतं कळलं.

"मग काकींनाच रेंजमध्ये नेऊ," कोणीतरी म्हणालं. "खाटेसकट. टाकी कितीशी लांब!"

बोलून थांबणाऱ्यांची ती गल्ली नव्हती. चौघांनी खाट उचलली. दार आडवं आलं. वीसही घरांची दारं सरकारी मापाची, आणि खाट जुन्या गावातली, सागाची, रुंद. आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. तिरकी केल्यावर काकी घसरल्या, त्यांना आनंदीबाईंनी कवेत धरलं. आठवडाभर ज्यांनी डोळे नीट उघडले नव्हते, त्यांनी ते उघडले. माणसं, आवाज, उचललेली खाट, दाराबाहेरचं ऊन, सगळ्यांवरून त्यांची नजर फिरली.

"परत उठवला काय रे आपल्याला?" त्यांनी विचारलं.

चौघांनी खाट होती तिथे ठेवली आणि खाली माना घालून बाहेर आले.

त्यानंतर ठराव मिनिटात झाला. कोणाचा नंबर, हा प्रश्न कोणी काढला नाही. जागृती पुन्हा टाकीकडे धावली. पंढरीशेठना तिने काय सांगितलं ते तिलाच ठाऊक, पण त्यांनी अक्षरं दिली. मात्र कट्ट्यावर आणखी तिघं आपापले फोन लावत बसले होते, तेव्हा मोठ्याने म्हणायची नाहीत या अटीवर. जुन्या गावातल्या त्यांच्या बैलाचं नाव, पवळ्या, इंग्रजीत, पुढे शून्य चार. जागृतीने ते दिनानाथांच्या कानात सांगितलं. दिनानाथांनी घातलं. चूक. ती परत धावली. पहिलं अक्षर मोठं होतं. पंढरीशेठ म्हणाले, बैलालासुद्धा मान असतो.

चार पस्तीसला पान उघडलं. दिनानाथांनी 'कायम' पुसलं आणि 'दोन तास' केलं, म्हणजे हळदीला येऊन गेलेल्यांचे नंबर एकदम सुटणार होते. करताना त्यांचं बोट अडखळलं नाही. डबा बंद होऊन पुन्हा चालू व्हायला तीन मिनिटं लागली. अख्खी गल्ली छताकडे बघत उभी होती. हिरवा दिवा लागला. भिंतीपलीकडून टॅबचा 'टुंग' असा आवाज आला. नंबर मिळाला होता.

"मिळाला!" प्रदीप ओरडला, आणि दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आनंदीबाई आठ नंबराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पदर तोंडाशी होता. त्या फक्त "अहो" म्हणाल्या. टाळ्या थांबल्या.

दिनानाथांनी ओटीवरून उतरायला पाय उचलला. तेवढ्यात त्यांच्या हातातला त्यांचा स्वतःचा फोन वाजायला लागला. पडद्यावर मनीषचं नाव होतं.

तो फोन पावणेचारपासून त्यांच्या हातात होता. त्याला नंबर होता. प्रदीपच्या खिशातल्या फोनला होता, जागृतीच्या होता, ओटीखाली उभ्या असलेल्या बहुतेकांच्या होता. त्यातला कुठलाही एक काकींच्या उशाशी नेऊन धरला असता, मनीषला एक निरोप पाठवला असता, तर चार वाजून पाच मिनिटांनी आईला पोराचं तोंड दिसलं असतं. पण काकींचा नंबर काकींचा आणि आपला नंबर आपला. वीस घरांत हे एकालाही सुचलं नाही, आणि सगळ्यात आधी ज्याला सुचायला हवं होतं तो पासवर्डाच्या मागे लागला होता. दिनानाथांना ते सगळं फोन वाजता वाजताच कळलं. त्यांनी हिरवं बटण दाबलं.

मनीषचा चेहरा स्वच्छ दिसला. घामेजलेला, मागे पाइप. "दिनाकाका! आईच्या टॅबवर बारा वेळा केला, लागेचना. मग म्हटलं तुमच्यावर करून बघू. आधीच सुचायला पाहिजे होतं मला. सहाच मिनिटं राहिली. आई कुठंय?"

गल्लीतले सगळे दिनानाथांकडे बघत होते. दिनानाथांनी तोंड उघडलं.

"झोपलीय रे. आत्ताच."

"मग उठवू नका, उठवू नका. झोप लागत नाय तिला, तुमीच म्हणाला होता ना? पेज घेतली काय?"

"घेतली. दोन चमचे."

"बरं झालं. पुढच्या रविवारी बोलतो निवांत." मनीष पडद्याजवळ आला आणि हसला. "काका, काय क्लिअर दिसताय आज! इतके दिवस अडकत होतं. तुमीच केलंत ना हे सगळं?"

"हो रे," दिनानाथ म्हणाले. "मीच केलं."